तेलाचा तवंग आणि न परतलेल्या बोटी : न्यू जर्सीच्या किनाऱ्यावरच्या एका ब्लिम्प-हल्ल्याचा शोध

हे प्रकरण एका अमेरिकन कुटुंबाचं आहे. मी न्यू जर्सीत त्यांच्या शेजारी राहतो. निवृत्त इंजिनिअर आहे आणि दुसऱ्या महायुद्धातल्या नौदलाच्या कागदपत्रांचा मला जुना नाद आहे, म्हणून हे काम माझ्याकडे आलं. कुटुंबाच्या इच्छेप्रमाणे त्यांची नावं, ब्लिम्पचा क्रमांक आणि हल्ल्याची नेमकी तारीख दिलेली नाही. इतिहासात नोंदल्या गेलेल्या बाकीच्या घटनांची नावं, तारखा आणि आकडे मात्र जसेच्या तसे आहेत.

पार्श्वभूमी

डिसेंबर 1941 मध्ये जर्मनीने अमेरिकेविरुद्ध युद्ध पुकारलं आणि जानेवारीच्या मध्यापासून जर्मन पाणबुड्या अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर शिकार करू लागल्या. 14 जानेवारी 1942 ला लाँग आयलंडजवळ ‘नॉर्नेस’ हे तेलवाहू जहाज बुडालं. फेब्रुवारीच्या अखेरीस यू-578 या एकाच पाणबुडीने न्यू जर्सीसमोर ‘आर. पी. रेसर’ हा टँकर पेटवला आणि लगेच दुसऱ्या दिवशी केप मेजवळ ‘जेकब जोन्स’ ही अमेरिकन विनाशिका बुडवली. किनाऱ्यावरच्या गावांतून लोकांनी जळती जहाजं डोळ्यांनी पाहिली. नौदलाकडे तेव्हा पुरेशा गस्ती नौका नव्हत्या, काफिल्यांची, म्हणजे जहाजं घोळक्याने पहाऱ्यात नेण्याची पद्धत या किनाऱ्यावर सुरू झाली नव्हती.

जे होतं त्यात न्यू जर्सीतल्या लेकहर्स्ट या नौदल तळाचे ब्लिम्प होते. 1937 मध्ये ‘हिंडेनबर्ग’ जळालं ते हेच लेकहर्स्ट. ब्लिम्प म्हणजे आत सांगाडा नसलेलं, हेलियमच्या दाबावर आकार टिकवणारं हवाई जहाज. के-वर्गाचा ब्लिम्प सुमारे 250 फूट लांब, त्यात सव्वाचार लाख घनफुटांच्या आसपास हेलियम, दोन इंजिनं, खाली टांगलेल्या केबिनमध्ये नऊ-दहा माणसं. शस्त्रं म्हणाल तर ठरावीक खोलीवर फुटणारे चार डेप्थ चार्ज आणि एक मशीनगन. वेग विमानापुढे काहीच नाही, पण हा दिवसभर आणि रात्रभर एकाच काफिल्यावर तरंगत राहू शकायचा. पाणबुडीला धाक होता तो या चिकाटीचा. वर ब्लिम्प दिसला की पाणबुडीला बुडी मारावी लागे, आणि पाण्याखाली गेली की तिचा वेग जहाजांच्या मागे लागण्याइतका उरत नसे.

1942 च्या जानेवारीत लेकहर्स्टला झेडपी-12 हे ब्लिम्प पथक उभं राहिलं तेव्हा त्याच्याकडे असे चारच ब्लिम्प होते. या प्रकरणातले वडील (कुटुंब त्यांना याच नात्याने संबोधतं, मीही तसंच म्हणेन) त्या वर्षीच्या उन्हाळ्यात तिथे रेडिओ ऑपरेटर म्हणून रुजू झाले. पुढच्या वर्षी त्यांची बदली फ्लोरिडात मायामीच्या दक्षिणेला रिचमंड तळावर, झेडपी-21 पथकात झाली. हा दुसरा तपशील पुढे फार महत्त्वाचा ठरला.

प्रश्न काय होता

किनाऱ्यावरच्या एका छोट्या स्थानिक संग्रहालयाला युद्धकाळातल्या स्थानिक लोकांवर एक फलक लावायचा होता. वडील केव्हाच वारले होते. त्यांच्या मुलीने संग्रहालयाला एक ओळ लिहून दिली : ‘ऑगस्ट 1942 मध्ये बार्नेगॅटच्या समोर त्यांच्या ब्लिम्पने शत्रूची पाणबुडी बुडवली.’ (बार्नेगॅट हे न्यू जर्सीच्या किनाऱ्यावरचं ठिकाण.) संग्रहालयाने पुरावा मागितला. तिच्या धाकट्या भावाला हा अपमान वाटला. त्याचं म्हणणं स्पष्ट होतं : वडिलांनी स्वतः सांगितलं आहे, पाण्यावर तेल आलं होतं, आणि नौदलाने ती गोष्ट दाबून ठेवली.

कुटुंबातली पूर्ण हकिकत अशी : पहाटेच्या सुमारास उपकरणाने पाण्याखाली लोखंड असल्याचा इशारा दिला. ब्लिम्पने चारही डेप्थ चार्ज टाकले. तेलाचा मोठा तवंग वर आला. पाणबुडीने वर येऊन तोफेचा मारा केला, ब्लिम्पच्या हेलियमच्या पिशवीला भोकं पडली, पाण्यात शार्क होते. पाणबुडी जखमी होऊन निघाली आणि घरी परतताना बुडाली.

पहिल्यांदा ऐकतानाच मला एक गाठ दिसली. पाणबुडी तेल सोडून तळाशी गेली आणि तीच वर येऊन मारा करून निघूनही गेली, या दोन गोष्टी एका सकाळी बसत नव्हत्या. शिवाय बार्नेगॅटचं पाणी आणि शार्क यांचा संबंध हकिकतीत कुठे जुळत नव्हता, कारण ब्लिम्प तर सुखरूप तळावर परतला होता.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय, ओळ आहे तशी छापणं. अनेक गावांत असे फलक आहेत आणि कोणी तक्रार करत नाही. मुलीला तो मोह होता, पण तिलाच तो खटकत होता. ती शाळेत इतिहास शिकवायची.

दुसरा पर्याय, हल्ल्याचा उल्लेख गाळून फक्त नाव आणि पथक लिहिणं. संग्रहालयाला हे सोयीचं होतं. मला ते अन्यायाचं वाटलं. दहा माणसं कापडी पिशवीखाली लटकून समुद्रावर जात होती, स्फोटकं टाकत होती. पाणबुडी बुडाली नाही म्हणून ते काही घडलंच नाही असं होत नाही.

तिसरा पर्याय, शोध घेऊन जेवढं सिद्ध होईल तेवढं लिहिणं. याला वेळ लागणार होता आणि भावाला नको असलेलं उत्तर मिळण्याची शक्यता होती. मी मुलीला म्हटलं की शोध सुरू करण्याआधी दोघा भावंडांनी एक गोष्ट ठरवावी : उत्तर काहीही आलं तरी ते संग्रहालयाला द्यायचं की नाही? ‘आधी बघू, मग ठरवू’ असं केलं तर शोध पुढे जिकडे हवा तिकडे वळवला जातो. भाऊ नाखुशीने तयार झाला. त्याची एकच अट होती, जर्मनांची कागदपत्रंही पाहायची. ही अट योग्य होती आणि पुढे तीच निर्णायक ठरली.

पहिला टप्पा : हकिकत आहे तशी उतरवणं

कागदपत्रं उघडण्यापूर्वी दोघा भावंडांकडून वेगवेगळं बसून हकिकत ध्वनिमुद्रित केली. एकत्र बसवलं असतं तर दोन आठवणींची एक आठवण झाली असती. कागद आधी दाखवले असते तर आठवणी कागदाकडे झुकल्या असत्या. ऐकताना फरक लगेच दिसला. मुलगी मोठी. तिने लहानपणी ऐकलेल्या हकिकतीत तेल होतं, तोफमारा आणि शार्क नव्हते. भावाच्या हकिकतीत सगळं होतं. तो 1960 नंतरच्या जेवणाच्या टेबलावरचा श्रोता होता.

दुसरा टप्पा : अमेरिकन बाजू

मेरीलँडमधल्या कॉलेज पार्कला राष्ट्रीय अभिलेखागारात नौदलाच्या युद्धरोजनिशी आणि पाणबुडीविरोधी हल्ल्यांचे अहवाल आहेत. पथकाची रोजनिशी सापडली, आणि तिच्यात ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यातला तो हल्लाही सापडला. म्हणजे मुळात हल्ला झाला होता, ही गोष्ट खरी. वडिलांचं नाव त्या उड्डाणाच्या यादीत होतं. भावाचा चेहरा तेव्हा पाहण्यासारखा होता.

अहवालात चुंबकीय शोधक उपकरणाचा इशारा नोंदलेला आहे. हे उपकरण पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातला बारीक बदल टिपतं. खाली लोखंडाचा मोठा गोळा असेल तर काटा हलतो. चार डेप्थ चार्ज, तेलाचा तवंग, हवेचे बुडबुडे, सगळं नोंदलं आहे. तोफमाऱ्याचा शब्दही नाही. ब्लिम्प धडधाकट परतला.

वॉशिंग्टनमध्ये अशा प्रत्येक हल्ल्याला अक्षरी श्रेणी दिली जायची. ‘ए’ म्हणजे पाणबुडी निश्चित बुडाली. तिथून खाली उतरत नुकसान संशयास्पद, नुकसान नाही, आणि अगदी तळाकडे ‘तिथे पाणबुडी होती याचाच पुरेसा पुरावा नाही’. या हल्ल्याला ती तळाकडची श्रेणी मिळाली होती.

इथे पहिला खरा निर्णय घ्यायचा होता. श्रेणी पाहून थांबायचं का? भाऊ म्हणाला, श्रेणी देणारे लोक चुकू शकतात. आणि ते खरंच चुकले आहेत. मेक्सिकोच्या आखातात 30 जुलै 1942 ला पीसी-566 या गस्ती नौकेने ‘रॉबर्ट ई. ली’ हे प्रवासी जहाज बुडवणाऱ्या पाणबुडीवर डेप्थ चार्ज टाकले. तो हल्ला निकामी ठरवला गेला आणि नौकेच्या कप्तानाची पाठवणी पुन्हा प्रशिक्षणाला झाली. त्यानंतर दोन दिवसांनी एका तटरक्षक विमानाने केलेल्या हल्ल्याला यू-166 बुडवल्याचं श्रेय मिळालं. 2001 मध्ये नैसर्गिक वायूच्या वाहिनीसाठी समुद्रतळाची पाहणी करताना यू-166 चा सांगाडा ‘रॉबर्ट ई. ली’च्या जवळच सापडला. पीसी-566 नेच ती बुडवली होती. विमानाने हल्ला केला होता तो यू-171 वर. नौदलाने 2014 मध्ये कप्तान हर्बर्ट क्लॉडियस यांचा मरणोत्तर गौरव करून नोंद दुरुस्त केली. एवढं उदाहरण समोर असताना श्रेणीच्या एका अक्षरावर फाईल बंद करणं मला पटलं नाही. पुढे गेलो.

तिसरा टप्पा : घड्याळं जुळवणं

जर्मन कागद उघडण्यापूर्वी वेळ जुळवावी लागते, आणि इथे अनेक हौशी अभ्यासक अडकतात. अमेरिकेत फेब्रुवारी 1942 पासून युद्ध संपेपर्यंत बाराही महिने युद्धकालीन वेळ चालू होती. पूर्व किनाऱ्याचं घड्याळ ग्रीनिचच्या चार तास मागे. जर्मन पाणबुड्या जगात कुठेही असल्या तरी नोंदी जर्मन वेळेप्रमाणे ठेवत, उन्हाळ्यात ती ग्रीनिचच्या दोन तास पुढे. एकूण फरक सहा तास. न्यू जर्सीत संध्याकाळचे सहा वाजून गेले की जर्मन रोजनिशीत तारीख बदललेली असते. आमचा हल्ला पहाटेचा असल्यामुळे तारीख तीच राहिली, वेळ दुपारकडे सरकली.

जागेचंही तसंच. जर्मन नौदल अक्षांश-रेखांश लिहीत नसे. समुद्राचे चौकोन पाडून त्यांना दोन अक्षरं आणि चार आकडे दिले होते. न्यू जर्सी ते नॉर्थ कॅरोलायनाचं हॅटेरस भूशिर हा पट्टा ‘सीए’ या मोठ्या चौकोनात येतो. सगळ्यात छोटा चौकोन सहा सागरी मैलांचा. ब्लिम्पची स्वतःची जागाही अंदाजाने काढलेली, म्हणून दोन्ही बाजूंना काही मैलांची सूट धरली.

चौथा टप्पा : जर्मन बाजू

1945 मध्ये जर्मन नौदलाचा अभिलेखसंग्रह तांबाखच्या गढीत दोस्तांच्या हाती पडला. त्याच्या मायक्रोफिल्म कॉलेज पार्कलाच आहेत. त्यात दोन प्रकारच्या रोजनिशी उपयोगाच्या : एक, जर्मन पाणबुडी दलाचे प्रमुख अॅडमिरल डॉनिट्झ यांच्या मुख्यालयाची, जिच्यात रोज प्रत्येक पाणबुडी कोणत्या चौकोनात आहे याची यादी येते, दुसरी, परतलेल्या प्रत्येक बोटीची (नौदलात पाणबुडीला बोटच म्हणतात) स्वतःची.

मुख्यालयाच्या रोजनिशीत चित्र स्वच्छ आहे. मे महिन्यापासून काफिले सुरू झाल्यावर या किनाऱ्यावर शिकार अवघड होत गेली. 7 जुलैला हॅटेरसजवळ यू-701 विमानाच्या हल्ल्यात बुडाली, 15 जुलैला यू-576 गेली. 19 जुलै 1942 ला डॉनिट्झ यांनी हॅटेरसच्या परिसरातल्या उरलेल्या बोटी मागे घेतल्या. आमच्या हल्ल्याच्या आठवड्यात यादीतली एकही बोट न्यू जर्सीसमोरच्या चौकोनात नाही. मुख्यालयाची यादी अंदाजी असू शकते, कारण बोटी रेडिओ बंद ठेवत. म्हणून उत्तर अमेरिकेच्या बाजूला असलेल्या ज्या बोटी परतल्या, त्यांच्या स्वतःच्या रोजनिशींत त्या तारखेला डेप्थ चार्ज ऐकल्याची नोंद शोधली. जवळच्या कोणत्याही बोटीत ती नाही.

‘पण यू-869 चं काय?’

भावाचा हा प्रश्न संपूर्ण शोधातला सगळ्यात चांगला प्रश्न होता. 1991 मध्ये न्यू जर्सीपासून सुमारे 60 मैलांवर पाणबुड्यांनी, म्हणजे डुबकी मारणाऱ्या माणसांनी, एका जर्मन बोटीचा सांगाडा शोधला. कुठल्याच यादीप्रमाणे तिथे बोट नव्हती. 1997 मध्ये ती यू-869 असल्याचं सिद्ध झालं. अधिकृत यादीत ती फेब्रुवारी 1945 मध्ये मोरोक्कोजवळ बुडाल्याचं लिहिलं होतं. मग 1942 च्या यादीवर विश्वास का ठेवायचा?

उत्तर असं : यू-869 बुडाली कुठे, हे यादीला ठाऊक नव्हतं. ती परतली नाही, यात मात्र जर्मनीला शंका नव्हती. बुडालेली प्रत्येक बोट ही न परतलेली बोट असते. तेव्हा विचारायचं ते इतकंच : त्या आठवड्याच्या आसपास न परतलेल्या बोटींपैकी एखादीचा शेवट अनिश्चित आहे का?

आणि एक निघाली. यू-578. फेब्रुवारीत ‘आर. पी. रेसर’ आणि ‘जेकब जोन्स’ बुडवणारी तीच. ती ऑगस्ट 1942 मध्ये बेपत्ता झाली. बरीच वर्षं तिचं श्रेय 10 ऑगस्टला फ्रान्स-स्पेनच्या किनाऱ्यालगतच्या बिस्केच्या उपसागरात हल्ला करणाऱ्या झेक पथकाच्या वेलिंग्टन विमानाला होतं. पुढे संशोधकांनी ते काढून घेऊन तिला ‘बेपत्ता’ ठरवलं. भावाने हे वाचलं आणि त्या रात्री मला झोप येणार नाही अशा आवाजात फोन केला. न्यू जर्सीला रडवणारी बोट वडिलांनी बुडवली, याहून मोठी गोष्ट कोणती!

मी त्याला ताबडतोब ‘नाही’ म्हटलं नाही. आम्ही दोघांनी बसून हिशोब केला. यू-578 फ्रान्समधल्या सँ-नाझेर बंदरातून निघाली ती 6 ऑगस्टला. तिथून न्यू जर्सी सुमारे 3000 सागरी मैल. इंधन वाचवत दहा नॉटच्या (ताशी दहा सागरी मैलांच्या) आसपास चालणाऱ्या, त्यात बिस्केमध्ये दिवसा पाण्याखाली राहणाऱ्या बोटीला हे अंतर कापायला दोन-तीन आठवडे हवेत. आमचा हल्ला ऑगस्टच्या पहिल्याच आठवड्यातला. त्या दिवशी यू-578 बंदरात होती किंवा बंदराच्या तोंडाशी. हिशोब त्याने स्वतः पेन्सिलीने केला. मी केला असता तर त्याला पटलं नसतं, असं मला वाटतं.

मग तेल कुठून आलं? अहवालातल्या जागेपासून, नेव्हिगेशनमध्ये चूक होऊ शकते तेवढ्याच अंतरावर, त्याच वर्षी टॉर्पेडो लागून बुडालेल्या एका जहाजाचा सांगाडा सागरी सर्वेक्षणाच्या नकाशांवर आहे. 1942 च्या उन्हाळ्यापर्यंत या किनाऱ्याचा तळ अशा सांगाड्यांनी भरला होता. चुंबकीय उपकरणाला पाणबुडीचं लोखंड आणि मालवाहू जहाजाचं लोखंड वेगळं ओळखता येत नाही. सांगाड्यावर डेप्थ चार्ज पडला की टाक्यांत उरलेलं तेल आणि अडकलेली हवा वर येणारच. वरून पाहणाऱ्या माणसाला ते पाणबुडीचं तेल वाटणं अगदी स्वाभाविक आहे. त्या काळात विमानांनी, नौकांनी, ब्लिम्पनी असे कित्येक हल्ले केले. खात्रीने मी एवढंच म्हणेन की तिथे पाणबुडी नव्हती. सांगाडा हे सगळ्यात जास्त शक्य असलेलं स्पष्टीकरण आहे.

फ्लोरिडाची हकिकत वेगळी काढणं

तोफमारा, फाटलेली पिशवी, शार्क, जखमी पाणबुडीचा परतीच्या वाटेवर शेवट : हे सगळं ओळखीचं होतं. ही के-74 ची हकिकत आहे.

18 जुलै 1943 च्या रात्री फ्लोरिडाच्या सामुद्रधुनीत रिचमंड तळाचा के-74 गस्तीवर होता. मध्यरात्रीच्या थोडं आधी रडारवर पाणबुडी दिसली, पाण्यावर चालणारी यू-134. नियम असा होता की पृष्ठभागावरच्या पाणबुडीच्या माऱ्याच्या टप्प्याबाहेर राहायचं आणि विमानं-नौका बोलवायच्या. कमांडर लेफ्टनंट नेल्सन ग्रिल्स यांच्यासमोर पाणबुडीच्या वाटेत येणारी दोन व्यापारी जहाजं होती. त्यांनी हल्ला केला. ब्लिम्पच्या मशीनगनने मारा केला, पण पाणबुडीच्या वर आल्यावर डेप्थ चार्ज सुटले नाहीत. पाणबुडीच्या तोफेने पिशवी फाडली, इंजिन पेटलं आणि के-74 हळूहळू शेपटीवर पाण्यात उतरला. दहाच्या दहा जण पाण्यात जिवंत उतरले. सकाळी मदत पोचायच्या अगदी थोडा वेळ आधी आयझॅडोर स्टेसेल शार्कच्या हल्ल्यात गेले. बहुतेकांना ‘डालग्रेन’ विनाशिकेने उचललं. ग्रिल्स बाकीच्यांपासून दुरावले होते, ते नंतर सापडले. संपूर्ण युद्धात शत्रूच्या माऱ्याने पडलेला अमेरिकन ब्लिम्प म्हणून के-74 चीच नोंद आहे.

ग्रिल्स यांच्यावर आधी नियम मोडल्याचा ठपका आला. यू-134 ला इजा झाल्याचं जर्मन नोंदींतून पुढे आलं, आणि 1961 मध्ये त्यांना डिस्टिंग्विश्ड फ्लाईंग क्रॉस हे पदक मिळालं. यू-134 ऑगस्टच्या अखेरीस स्पेनच्या व्हिगोजवळ 48 जणांसह बुडाली. हे श्रेय जुन्या पुस्तकांत ब्रिटिश विमानाला आहे, आताच्या यादीत ‘रोदर’ या ब्रिटिश फ्रिगेटला, म्हणजे युद्धनौकेला. त्या अखेरच्या सफरीची तिची रोजनिशी तिच्याबरोबरच गेली. हाती आहेत ते रेडिओ संदेश.

सहा तासांच्या फरकामुळे हीच घटना काही ठिकाणी 18 जुलैला, काही ठिकाणी 19 जुलैला सापडते. दोन वेगळे हल्ले समजण्याची गरज नाही.

आता आपल्या वडिलांचं पाहा. 1943 मध्ये ते त्याच तळावर, त्याच पथकात होते. गेलेला माणूस त्यांच्या ओळखीचा असणार. 1961 मध्ये पदकामुळे ती घटना पुन्हा चर्चेत आली, आणि भावाच्या आठवणीतली हकिकत त्यानंतरची आहे. वडिलांनी खोटं सांगितलं असं मला कुठेही वाटलं नाही. बहुधा त्यांनी दोन्ही हकिकती सांगितल्या आणि ऐकणाऱ्या मुलाने त्यांची एक केली. मुलीच्या ध्वनिमुद्रणात फक्त तेल आहे, हा त्याला आधार.

निष्पत्ती

हे भावाला सांगायचं कसं, यावर मुलीने आणि मी बराच विचार केला. संग्रहालयाला कळवण्याआधी त्याला सगळे कागद द्यायचे, असं ठरलं. निष्कर्ष एका पानात लिहून देण्याऐवजी मूळ अहवालाची प्रत, जर्मन यादीचं पान आणि त्याचाच पेन्सिलीचा हिशोब एकत्र ठेवला. यू-578 बद्दल त्याचं समाधान झालं. नौदलाने काही दाबलं, हे त्याने सोडलं. फ्लोरिडाच्या भागाबद्दल तो अजून म्हणतो की वडिलांनी तोफमारा ‘स्वतः पाहिला’. मी त्यावर वाद घातला नाही. के-74 च्या कर्मचाऱ्यांत ते नव्हते, एवढं कागदावर आहे आणि त्याला ते ठाऊक आहे.

त्याला अभिमान वाटेल असं एक पान रोजनिशीतच मिळालं. त्याच उन्हाळ्यात वडिलांचा ब्लिम्प काफिल्यांवर सतत पहारा देत होता. ब्लिम्पच्या पहाऱ्याखाली जहाज बुडाल्याची उदाहरणं जवळपास नाहीतच; नेहमी सांगितलं जातं ते एकच, 25 मे 1942 ला बार्नेगॅटसमोर यू-593 ने बुडवलेला ‘पर्सेफोनी’ टँकर. यू-701 चे सात जण दोन दिवस समुद्रात तरंगून वाचले, तेही के-8 या ब्लिम्पने त्यांना शोधलं म्हणून. युद्धाच्या अखेरच्या दिवसांत, 6 मे 1945 ला, ऱ्होड आयलंडजवळ यू-853 बुडाली. ‘अथर्टन’ आणि ‘मोबर्ली’ या नौकांबरोबर लेकहर्स्टचे के-16 आणि के-58 तिथे होते. नकाशाचं टेबल आणि अधिकाऱ्याची टोपी पाण्यावर आली. पुरावा म्हणतात तो असा. 1942 च्या त्या सकाळी असं काही वर आलं नव्हतं, हे भावाने स्वतःच बोलून दाखवलं.

फलकावर शेवटी असा मजकूर गेला : ‘झेडपी-12 पथकात रेडिओ ऑपरेटर. 1942 च्या उन्हाळ्यात किनाऱ्यावरच्या काफिल्यांचा पहारा. ऑगस्टमध्ये पाणबुडीच्या संशयावरून केलेल्या डेप्थ चार्ज हल्ल्यात सहभाग. पुढे रिचमंड, फ्लोरिडा येथे झेडपी-21.’ ‘पाणबुडीच्या संशयावरून’ हे शब्द भावाने सुचवले. संग्रहालयाला आधी ‘अयशस्वी हल्ला’ लिहायचं होतं. आम्ही ते मान्य केलं नाही, कारण जिथे लक्ष्यच नव्हतं तिथे यश-अपयशाचा प्रश्न येत नाही.

वेगळं काय करता येईल

असं काम कोणी हाती घेणार असेल तर क्रम उलटा ठेवावा, असं मी सुचवेन. आधी न परतलेल्या बोटींची यादी पाहावी. ती प्रसिद्ध आहे, घरबसल्या मिळते, आणि ‘बुडवली’ हा दावा टिकू शकतो का हे एका संध्याकाळी कळतं. अमेरिकन अहवाल, श्रेणी, रोजनिशी यांचं मोल त्यानंतर. आमच्या बाबतीत कॉलेज पार्कच्या फेऱ्या वाया गेल्या नाहीत, कारण हल्ला खरोखर झाला होता हे तिथेच कळलं, पण भावाला इतके दिवस आशेवर राहावं लागलं नसतं.

वैयक्तिक सेवा-नोंद सेंट लुईसच्या सरकारी सेवा-नोंद केंद्राकडून सुरुवातीलाच मागवावी. 1973 च्या आगीत तिथे लष्कराच्या आणि हवाई दलाच्या लाखो फाईली जळाल्या, नौदलाच्या सुरक्षित आहेत. माणूस सेवेतून बाहेर पडल्याला 62 वर्षं झालेली फाईल कोणालाही पाहता येते. आमच्याकडे ती सगळ्यात उशिरा आली. झेडपी-21 ची बदली आधी कळली असती तर के-74 चा धागा पहिल्याच आठवड्यात हाती लागला असता.

सांगाड्याचा मुद्दा अजून उघडा आहे. स्थानिक डुबकी मारणाऱ्या एका गटाने त्या जागेवर जाऊन जहाजाच्या बाजूवर डेप्थ चार्जच्या स्फोटाच्या खुणा आहेत का ते पाहायची तयारी दाखवली आहे. टॉर्पेडोचं भगदाड आणि जवळ फुटलेल्या डेप्थ चार्जने आत दाबला गेलेला पत्रा यांत फरक दिसू शकतो, पण आठ दशकांच्या गंजाने तो कितपत उरला असेल हे पाहिल्यावरच कळेल. भाऊ त्यांच्याबरोबर बोटीवर जाणार आहे. दोन्ही ध्वनिमुद्रणं, कुठेही न कापता, हल्ल्याच्या अहवालाच्या प्रतीसोबत संग्रहालयात ठेवली आहेत.